आखाजीचं रीडिंग

गेल्या चैत्रात तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात एक बैठक झाली. एका प्रक्रिया उद्योगाला जवळच्या धरणातून पाणी हवं होतं, त्यावर 'जनमत' घ्यायचं होतं. अशा बैठकांचं जे होतं तेच झालं. एक गट उभा राहिला आणि म्हणाला, एक थेंब देणार नाही, आधी शेताला पाणी द्या. दुसरा गट म्हणाला, पोरं सुरतेला आणि चाकणला चालली, गावात म्हातारेच उरलेत, कारखाना आला तर तुमचं काय जातं? मग कंपनीचा अधिकारी उठला. त्याने पडद्यावर फोटो दाखवले. कंपनीने दुसऱ्या जिल्ह्यात खोल केलेले नाले, बांधलेले बंधारे, हसणाऱ्या बायका. आम्ही वापरतो त्यापेक्षा जास्त पाणी जमिनीला परत देतो, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून धोतरातल्या एका आजोबांनी विचारलं, "साहेब, आखाजीले तुम्हनं मीटर कितलं कमी फिरस?" साहेबांना अहिराणी कळली नाही. कोणीतरी मराठीत सांगितलं: अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे भर टंचाईत, तुमच्या पाण्याचं मीटर किती कमी फिरतं? साहेब म्हणाले, तो डेटा हेड ऑफिसला असतो. लोक हसले आणि बैठक पुन्हा मूळ भांडणावर गेली.

त्या दिवशी सभागृहात कामाचा प्रश्न तो एकच विचारला गेला, असं माझं मत आहे. बाकीचं सगळं भांडण चुकीच्या जागी चाललं होतं. उद्योग विरुद्ध शेती, रोजगार विरुद्ध पाणी, सरकार विरुद्ध जनता या जोड्या भाषणाला सोयीच्या असतात. पाण्याला त्या कळत नाहीत. एखाद्या धंद्याने पाण्याची जबाबदारी घेतली की नाही, हे त्याने चांगल्या पावसाच्या वर्षी कुठे किती नाले खोदले त्यावरून ठरत नाही. ज्या वर्षी नदी आटते, त्या वर्षी तो धंदा गावाबरोबर टंचाईत वाटेकरी होतो का, त्याच शिवारात, त्याच महिन्यात, यावरून ते ठरतं. आखाजी हा त्यासाठी खानदेशातला बरोबर दिवस आहे. लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी होतात आणि पूर्वजांच्या नावाने घागर भरली जाते, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवून. घागर भरायला पाणी लागतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात पाणी नसतं.

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र हलके नाहीत आणि ते झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला मुद्दा हिशेबाचा आहे. राज्यात सर्वांत जास्त पाणी पिकांवर जातं. उद्योगांचा वाटा त्या मानाने किरकोळ. रावेर-यावलकडे पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरात सतराशेच्या आसपास खोडं बसतात. मे महिन्यात एका खोडाला दिवसाला वीस लिटर धरलं, तरी एका एकराला रोज चौतीस हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज, एका एकराला. मग एमआयडीसीतल्या डाळमिलवाल्याला गुन्हेगार ठरवून काय मिळणार? दुसरा मुद्दा इतिहासाचा. खानदेशच्या पाण्यात उद्योगांनी काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्याने जळगावकडे बघावं. ठिबक ही चैनीची वस्तू होती, ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचं मोठं काम भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने इथूनच केलं. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून साखळी बंधारे बांधण्याचं जे काम भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी उभं केलं, त्यामागे स्थानिक नेतृत्व होतं आणि स्थानिक सहकारी उद्योगही होते. खोलीबद्दल आणि सरसकट नकलेबद्दल भूजलाच्या जाणकारांचे आक्षेप आहेत, पण तिथे काम झालं हे कोणी नाकारत नाही. तिसरा मुद्दा सरकारचा: अमळनेरजवळचा पाडळसे प्रकल्प दोन दशकांहून जास्त काळ रखडतो, आणि जबाबदारी मात्र खासगी गिरणीवाल्याने घ्यायची, हा कुठला न्याय?

तिन्ही मुद्दे खरे आहेत. तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

वाट्याचं घ्या. राज्याची टक्केवारी राज्याला लागू पडते, नाल्याला नाही. पाणी कार्बनसारखं नसतं. इथे सोडलेला धूर तिथे झाड लावून भरून काढता येतो असं निदान म्हणता तरी येतं. पांझरा नदीच्या काठावर उपसलेलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात जिरवून पांझरेकाठच्या विहिरीला काय उपयोग? शिवाय शेत आणि कारखाना यांची तहान वेगळ्या चालीची आहे. ज्वारी-हरभऱ्याचं पाणी फाल्गुनात संपतं. कोरडवाहू कपाशीला तर उन्हाळ्यात शेतातच ठेवत नाहीत. कारखान्याला मात्र ३६५ दिवस सारखं पाणी लागतं आणि त्याचं आरक्षण धरणात आधी बाजूला काढून ठेवलेलं असतं. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम लावला होता आणि शेती त्याच्या खाली गेली होती. ओरड झाली, २०११ मध्ये क्रम बदलून शेती वर आली. क्रम कागदावर बदलला तरी चौदा तास वीज नसलेल्या पंपाने आणि चोवीस तास चालणाऱ्या पंपाने एकाच धरणातून उपसा केला तर क्रम कोण ठरवतं? आणि वाट्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सांडपाणी. हजार लिटर वापरून ते रंगीत करून नाल्यात सोडणारा माणूस हजार लिटरच वापरतो असं मीटर सांगतं. खालच्या अंगाच्या विहिरी ते सांगत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट अशी की 'शेतीचं पाणी' आणि 'उद्योगाचं पाणी' ही वाटणीच खानदेशात खोटी आहे. इथला धंदा शेतमालावरच उभा आहे. केळीचा व्यापार, कपाशीचं जिनिंग-प्रेसिंग, डाळमिल, नंदुरबारची मिरची, शहाद्या-फैजपूरकडची साखर. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनाच्या कागदावर चव आहे, गोडी आहे, पट्टा आहे. पाण्याची पातळी नाही. निर्यातदार पॅकहाऊसमध्ये फणी तुरटीच्या पाण्यात धुतो, त्याला पाचशे लिटर लागत असतील. आणि त्या फणीमागे शेतात गेलेलं पाणी त्याच्या हिशेबात कुठेच नसतं. पण तो ज्या मालावर नफा कमावतो तो माल म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं पाणीच आहे, सालीत बांधलेलं. भाव, आकार, डाग, फणीची लांबी या सगळ्याच्या अटी तो शेतकऱ्याला घालतो. मग पाण्याची एक अट घालायला त्याची जीभ का जड होते?

ठिबकचा धडा इथे उपयोगी पडतो. स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट दाखवून दिली होती: वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागलं, तेव्हा देशाचा कोळसा वाचला नाही, जास्त जळला, कारण इंजिन परवडू लागलं. सातपुड्याच्या पायथ्याला जो भरड गाळाचा पट्टा आहे, ज्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात, तिथे हेच झालं. ठिबकने एकरी पाणी खरोखर वाचवलं. वाचलेल्या पाण्यावर दुसरा एकर केळीखाली आला, मग तिसरा. एकराचा हिशेब सुधारला आणि शिवाराचा बिघडला. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. रावेरकडच्या कोणत्याही बोअरवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याकडे दयेने बघेल. त्याच्या नळ्या त्या खोलीच्या कितीतरी खाली गेलेल्या असतात. यात नळी विकणाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण 'आम्ही अमुक कोटी लिटर पाणी वाचवलं' असा दावा कोणत्याही कंपनीने केला, तर विचारायला हवं: कुठे वाचवलं? त्या गावच्या विहिरीत दाखवा. पातळी वर आली असेल तर वाचलं, नाही तर ते दुसऱ्या एकरात गेलं.

आता उद्योगांचा आवडता शब्द, सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चायची असते. पैसे येतात, नाले खोल होतात, कोनशिला बसते. चांगलं आहे. पण त्याच कायद्याखालचे नियम सांगतात की कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे कारखान्यातली गळती थांबवणं, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं, उन्हाळ्यात उत्पादन कमी करणं, यांतलं काहीही कायद्याच्या भाषेत समाजकार्य नाही. कायद्यालाही दान आणि कर्तव्य यांतला फरक कळतो. गोंधळ फक्त आपल्या भाषणांत आहे. कोनशिलेचा फोटो दाखवून उपशाचा प्रश्न टाळणं म्हणजे सावकाराने देवळाला कळस चढवून व्याजाचा विषय बंद करण्यासारखं आहे. आपल्या आजोबांनी असे कळस बरेच पाहिलेत.

मग टंचाईत वाटेकरी होणं म्हणजे नेमकं काय? यासाठी बाहेर बघायची गरज नाही. साक्री-धुळे भागात पांझरेवर आणि तिकडे मोसम नदीवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत असे. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पीक राखायचा, पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. यातलं शहाणपण कमी पाण्याच्या वर्षी दिसायचं. बंधाऱ्यात पाणी कमी आलं की फड कमी करायचे. चार फडांऐवजी दोन भिजवायचे. सगळ्यांची थोडी जमीन भिजे, सगळ्यांची थोडी कोरडी राही. वरच्याचं शेत हिरवं आणि खालच्याचं पिवळं, असं होत नसे. पाणी मोजायला यंत्र नव्हतं. पाणी किती कमी आहे हे कोरड्या राहिलेल्या फडांवरून गावाला दिसायचं.

ही सत्ययुगाची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. फडात ज्याची जमीन नव्हती त्याला पाणीही नव्हतं, आणि पाटकऱ्याला मिळणारा धान्याचा वाटा त्याच्या श्रमाच्या मानाने किती होता यावर वेगळा लेख होईल. नंतर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले आणि ज्याच्याकडे पंप आला त्याला फडाची गरज उरली नाही. फड मोडला तो नियम वाईट होता म्हणून मोडला नाही. टंचाईतून एकट्याने सुटण्याची सोय निघाली म्हणून मोडला. आजच्या उद्योगाकडे ती सोय सर्वांत जास्त आहे: धरणातलं आरक्षण, खोल बोअर, टँकर, आणि तेही नाही जमलं तर युनिट दुसऱ्या राज्यात हलवणं. शेवटची सोय तर गावाकडे मुळीच नाही. अमळनेरची प्रताप मिल किंवा १९४५ मध्ये तिथेच सुरू झालेला वनस्पती तुपाचा कारखाना, ज्याची पुढे विप्रो झाली, या पिढीचे मालक साधुसंत होते असं नाही. पण बोरी नदी आटली तर ती मिललाही आटायची.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती बंदीची नाही. 'एक थेंब देणार नाही' म्हणणाऱ्यांना केरळातलं प्लाचिमाडा आठवतं, तिथला कोका-कोलाचा कारखाना पाण्यावरून पेटलेल्या आंदोलनानंतर २००४ मध्ये बंद पडला. गावाचा तो मोठा विजय होता, पण तिथे समोर एक कारखाना होता. आपल्याकडे हजारो बोअर आहेत आणि त्यांतले बरेच आपल्याच मेहुण्याचे आहेत. बंदीचा झेंडा कोणाच्या दारात लावणार? त्यापेक्षा पाणी देतानाच करारात लिहा की धरणसाठा अमुक पातळीखाली गेला की कारखान्याचा उपसा त्याच प्रमाणात खाली येईल, रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, रद्द झालं तर कारखान्याचंही एक आवर्तन रद्द. फड कमी झाले तर सगळ्यांचे. भूजल उपसणाऱ्या मोठ्या उद्योगांना परवानगी देताना निरीक्षण कूपनलिका खोदून पातळी नोंदवण्याची अट असतेच. त्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का नकोत? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना पाण्याचा उपसा जाहीर करायला लावलं आहे. गुंतवणूकदाराला कळतं ते गावाला कळू नये, याचं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

छोटा धंदेवाला इथे अडवेल, आणि त्याचं म्हणणं ऐकायला हवं. चटईचं युनिट, डाळमिल, बर्फाचा कारखाना. मार्जिन रुपयात दोन-चार पैशांचं, वर वीजबिल. त्याला शुद्धीकरण प्रकल्प लावा म्हणणं म्हणजे कुलूप लाव म्हणण्यासारखंच. खरं आहे. पण त्याच्या डोक्यावर पत्रे आहेत. एक एकराच्या शेडवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे अठ्ठावीस लाख लिटर पाणी होतं; गळती, उडणं, पहिल्या सरीची घाण सोडली तरी बावीस लाख हाती लागावं. टँकरच्या भाषेत सव्वादोनशे खेपा. हे पाणी आज पन्हळीतून रस्त्यावर जातं आणि एमआयडीसीच्या खड्ड्यांत साचून त्याच्याच ट्रकचे पाटे मोडतं.

आणि एक धंदा असा आहे जो या सगळ्या चर्चेत कधी येत नाही, कारण तो पाणी वापरतच नाही. वाळू. लहानपणी गिरणेच्या कोरड्या पात्रात आम्ही हाताने झिरा खणायचो. कोपरभर गेलं की वाळू ओली लागायची, थोडं थांबलं की वाटीभर गार पाणी वर यायचं, आणि आई ते फडक्याने गाळून कळशीत ओतायची. पात्रातली वाळू ही नदीची उन्हाळ्याची तिजोरी असते. वर ऊन, खाली पाणी. आज त्याच जागी खडक उघडा पडला आहे. पूर येतो, सरळ निघून जातो, पौषात पात्र वाजतं. जी बांधकाम कंपनी आपल्या सोसायटीत पर्जन्यजल संधारणाची टाकी दाखवून फ्लॅट विकते, तिने त्या टाकीच्या काँक्रीटमधली वाळू कुठून आणली? पाण्याचं मीटर शून्य दाखवणारा हा धंदा खानदेशातल्या कोणत्याही कारखान्यापेक्षा जास्त पाणी पिऊन बसला आहे असं माझं ठाम मत आहे, आणि या एका बाबतीत मला सरकारला मोकळं सोडायचं नाही, कारण ट्रॅक्टर रात्री कोणत्या रस्त्याने जातो हे तलाठ्यापासून पोलीसपाटलापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

बाकी सरकारचं म्हणाल तर, मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महाकाय पुनर्भरण योजनेचा करार भोपाळमध्ये केला. सातपुड्याच्या पायथ्याचा भरड पट्टा पुराच्या पाण्याने पुन्हा भरायचा, ही कल्पना चांगली आहे. ती पूर्ण होईल तेव्हा खाली पाणी जाईल. पण तळ नसलेल्या रांजणात किती ओतणार? वरून भरण्याची योजना सरकार करेल. खालून उपसणाऱ्यांनी एकमेकांचं मीटर बघण्याची योजना कोण करणार? ती वरून येणार नाही. फडही कोणत्या सरकारने सुरू केला नव्हता.

माझ्या एका मावसभावाचं भंगार प्लास्टिक धुऊन दाणा करण्याचं छोटं युनिट आहे. धुण्याच्या हौदाला पाणी फार लागतं. त्या बैठकीनंतर आमचा वाद झाला आणि वादाच्या भरात त्याने गेटबाहेर शाळेतल्यासारखी काळी पाटी टांगली: आजचं रीडिंग, कालचं रीडिंग, बोअरची पातळी. पहिले आठ-दहा दिवस आकडा बघून त्यालाच घाम फुटला. नंतर त्याने हौदाशेजारी दुसरा हौद बांधला, गाळ खाली बसवून वरचं पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला वापरायला लागला. आखाजीच्या आठवड्यात एक पाळी बंद ठेवली. शेजारच्या प्लॉटवाल्याने विचारलं, नोटीस आली का? तो म्हणाला, "नोटीस नाही रे. रोज सकाळी दूधवाला पाटी वाचतो आणि मला विचारतो, भाऊ, आज जास्त कसं काय?"